शेर्पा सपोर्टवाली अष्टहजारी मोहीम जॉइन करायचीय? मनास्लूचं उदाहरण घेऊन सगळं सविस्तर

अष्टहजारी, म्हणजे आठ हजार मीटरहून उंच शिखरावर जायचंय म्हणणाऱ्यांचा पहिला प्रश्न हमखास एकच असतो, किती पैसे लागतात. खरं तर तो दुसरा प्रश्न आहे. पहिला हा, की त्या पैशात नक्की काय मिळतं आणि काय मिळत नाही. सपोर्टेड मोहिमेत परमिट, तंबू, जेवण, फिक्स रोप (वाटेवर आधीच बांधून ठेवलेला दोर), ऑक्सिजन आणि तुमच्याबरोबर चालणारा शेर्पा हे सगळं मिळतं, पण ते पाय उचलणं, थंडीत जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी पकड) सरकवणं आणि वेळ आली की "बास, इथून मागे" म्हणणं हे कुठल्याच पॅकेजमध्ये येत नाही. ते तुमच्याकडे आधीपासून असावं लागतं. खाली जे लिहिलंय ते सगळं ह्याच हिशोबाने वाचा.

उदाहरणाला मनास्लू घेतोय. ८१६३ मीटर, उंचीत जगात आठवं, नेपाळच्या गोरखा जिल्ह्यात. आजकाल पहिलं अष्टहजारी म्हणून लोक हेच करतात, त्याची कारणं साधी आहेत: पावसाळ्यानंतरच्या सीझनमध्ये होतं, एव्हरेस्टच्या मानाने खर्च बराच कमी, वाट तांत्रिकदृष्ट्या फार अवघड नाही आणि नेपाळच्या जवळपास सगळ्या कंपन्या तिथे जातात त्यामुळे रोप लागणार हे नक्की. पण "सोपं अष्टहजारी" हा शब्द कोणी वापरला की जरा सावध व्हा. २३ सप्टेंबर २०१२ च्या पहाटे कॅम्प ३ वर (बेस कॅम्पच्या वर क्रमाने चार कॅम्प असतात) हिमस्खलन आलं आणि झोपेतच ११ जण गेले. २६ सप्टेंबर २०२२ ला पुन्हा कॅम्प ३ आणि ४ च्या मध्ये स्खलन झालं. सप्टेंबरात तिथे पाऊस पूर्ण संपलेला नसतो, खाली पाऊस म्हणजे वर बर्फ, आणि तो ताजा बर्फ उतारावर बसायला वेळ लागतो. मनास्लूचा खरा धोका चढण नाहीये, हा बर्फ आहे.

अजून एक, घरच्यांना आधीच सांगून ठेवा. हा सीझन म्हणजे बरोबर गणपती ते नवरात्र. आरतीला तुम्ही व्हिडिओ कॉलवरच, तेही नेट असलं तर.

आधी स्वतःची तयारी कुठवर आहे ते बघा

सह्याद्रीत शंभर किल्ले झालेत, लिंगाणा झालाय, नळीची वाट झालीये, हे सगळं छान आहे आणि त्याचा उपयोगही होतो, पण उंचीचा अनुभव त्यातून मिळत नाही. कळसूबाई १६४६ मीटर. तुमचं शरीर ६००० ला कसं वागतं हे ६००० ला गेल्याशिवाय कळत नाही, आणि फिटनेसचा त्याच्याशी संबंध लोकांना वाटतो तितका नसतो, मॅरेथॉन पळणारा माणूस साडेचार हजारावर आडवा झालेला बघायला मिळतो.

माझ्या मते क्रम असा असावा. गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करा, त्याच्या सरकारी संस्था आहेत, उत्तरकाशीचं निम, दार्जिलिंगचं एचएमआय, मनालीची संस्था, पहलगामची संस्था, कुठूनही. नंबर लवकर लागत नाही म्हणून फॉर्म आधीच भरून ठेवा. बेसिकमध्ये ए ग्रेड मिळाली तरच ॲडव्हान्सला जाता येतं, त्यामुळे बेसिकला "नुसतं फिरायला" म्हणून जाऊ नका. मग एखादं सहाहजारी, लडाखचं कांग यात्से २ किंवा मनालीजवळचं देव टिब्बा किंवा नेपाळचं मेरा पीक (६४७६). आणि मग सातहजारी, हे मात्र टाळू नका. सतोपंथ (७०७५), नून (७१३५), नेपाळमध्ये हिमलुंग (७१२६) ही नावं त्यासाठीच घेतली जातात. सातहजारीवर तीन गोष्टी समजतात ज्या सहाहजारीवर समजत नाहीत: वरच्या कॅम्पवर दोन-तीन रात्री सलग झोप न होता दुसऱ्या दिवशी चालता येतं का, जेवण जात नसताना ताकद टिकते का, आणि बोटं थंडीत किती वेळ काम करतात.

हे सगळं न करता पैसे भरणारे लोक असतात का? असतात, आणि काही कंपन्या घेतातही. त्यातले काही वर पोचतातही. पण मग सगळा भार एका शेर्पाच्या डोक्यावर जातो, आणि वर काही झालं तर दोघांचा जीव जातो. म्हणून मला ते पटत नाही, एवढंच.

कंपनी निवडणं

आपल्याकडे पुण्याच्या गिरिप्रेमी ह्या गिर्यारोहण संस्थेने २०१२ ला एव्हरेस्ट आणि २०१९ ला कांचनजुंगा केलं ते संघ म्हणून, आधीपासून एकमेकांना ओळखणारी माणसं, एक लीडर. तुम्ही एकटे पैसे भरून कमर्शियल मोहिमेत जाता तेव्हा तसलं काही नसतं. टीममधले बाकीचे लोक काठमांडूच्या हॉटेलात पहिल्यांदा भेटतात, त्यात कोण पोलंडचा, कोण चीनचा, कोण बंगळुरूचा. परमिटवर तुमची नावं एकत्र असतात पण टीम वगैरे म्हणायला अर्थ नाही. तिथे तुमची खरी टीम म्हणजे तुमचा शेर्पा आणि बेस कॅम्प मॅनेजर.

पॅकेज ढोबळमानाने दोन प्रकारचं. एक, फक्त बेस कॅम्प सर्व्हिस: परमिट, बेस कॅम्पचं जेवण-तंबू मिळतं, वरचं तुमचं तुम्ही. हे अनुभवी लोकांसाठी. दुसरं फुल सर्व्हिस, ज्यात वरचे कॅम्प, जेवण, ऑक्सिजन आणि एका मेंबरमागे एक शेर्पा. तुम्ही हा लेख वाचताय म्हणजे तुम्हाला दुसरंच घ्यायचंय. काही कोटेशनमध्ये दोन मेंबरमागे एक शेर्पा असतो आणि पैसे कमी दिसतात. नेपाळच्या नव्या नियमातही आठ हजारांवर दोन क्लाइंबरमागे किमान एक गाइड एवढीच अट आहे, म्हणजे हे कायद्यात बसतं. पण विचार करा, समिटच्या, म्हणजे माथा गाठायच्या रात्री दुसऱ्या मेंबरला त्रास झाला आणि शेर्पा त्याला घेऊन खाली निघाला की तुम्हीही खाली, तुम्ही कितीही फिट असलात तरी. पहिल्या अष्टहजारीला एकाला एकच घ्या.

कंपनीला विचारायच्या गोष्टी, आणि ह्या फोनवर नाही, ईमेलवर विचारायच्या म्हणजे लेखी राहतात:

माझ्याबरोबरचा शेर्पा आधी मनास्लूवर किती वेळा गेलाय, आणि त्याचं नाव मला कधी कळेल. ऑक्सिजनचे सिलिंडर किती, त्यातले माझे किती आणि शेर्पाचे किती, आणि जास्तीचा लागला तर वर काय भावाने. स्टँडबाय मास्क-रेग्युलेटर आहे का. कॅम्प ४ वर तंबू आपला स्वतःचा की शेअर. हवामानाचा अंदाज पैसे देऊन घेता की दुसऱ्या टीमकडून ऐकता. बेस कॅम्पला डॉक्टर किंवा निदान पोर्टेबल प्रेशर बॅग (उंचीचा त्रास झालेल्याला आत झोपवून हवेचा दाब वाढवायची पिशवी) आहे का. मी मधूनच परतलो तर काय परत मिळतं (बहुतेक काही नाही, पण लेखी घ्या). मोहीमच रद्द झाली तर काय. शेर्पांचा विमा किती रकमेचा आहे. ह्या शेवटच्या प्रश्नाला जी कंपनी गुळमुळीत उत्तर देते तिथे मी पुढे बोलतच नाही, जी स्वतःच्या माणसांच्या बाबतीत काटकसर करते ती माझ्या रोपच्या बाबतीत करणार नाही कशावरून.

आणि त्यांच्याबरोबर आधी गेलेल्या दोन माणसांशी बोला, त्यातला एक समिट न झालेला असावा. झालेला माणूस सगळंच छान होतं म्हणतो.

पैसे

नेपाळी कंपनीचं मनास्लू फुल सर्व्हिस साधारण १० ते १६ हजार डॉलरच्या पट्ट्यात, परदेशी कंपन्यांचं त्याच्या दीड-दोन पट किंवा जास्त. सरकारी रॉयल्टी, म्हणजे परमिटची फी, सप्टेंबर २०२५ पासून वाढलीये. मनास्लूसारख्या शिखरांना शरद ऋतूत माणशी १५०० डॉलर, एव्हरेस्टला वसंतात १५ हजार डॉलर. भारतीय म्हणून ह्यात सूट मिळत नाही, परदेशी तो परदेशी.

कोटेशनमध्ये नसतं पण लागतं ते असं: स्वतःचं गिअर, विमा, काठमांडूचं जाणं-येणं, हॉटेलातले जास्तीचे दिवस, बेस कॅम्पचं इंटरनेट, आणि मुख्य म्हणजे शेर्पाचा समिट बोनस आणि किचन स्टाफच्या टिप्स. समिट बोनस म्हणजे खुशीने दिलेलं बक्षीस नव्हे, ते त्याच्या मेहनतान्यातच धरलेलं असतं आणि अष्टहजारीला ते हजार डॉलरच्या आसपास जातं. कंपनी आकडा सांगते, तो पहिल्या दिवसापासून बाजूला काढून ठेवा, थामेलमध्ये शॉपिंग झाल्यावर उरलेल्यातून नाही.

आता एक गोष्ट जी बऱ्याच जणांना बँकेत गेल्यावर कळते. नेपाळसाठी आपल्या बँका डॉलर देत नाहीत, फेमाच्या (परकीय चलनाच्या कायद्याच्या) नियमांप्रमाणे नेपाळ आणि भूतानच्या प्रवासाला किंवा तिथल्या माणसाशी व्यवहाराला परकीय चलन मिळतच नाही. म्हणजे कोटेशन डॉलरमध्ये असलं तरी पैसे भारतीय रुपयात जाणार. तर मग डॉलरचा भाव कुठल्या तारखेचा धरायचा हे आधी ठरवून घ्या, कारण दहा-बारा लाखांवर रुपया-दोन रुपयांचा फरकसुद्धा जाणवतो. एका भारतीय रुपयाला १.६ नेपाळी रुपये हा दर मात्र फिक्स आहे, त्यात कोणी घासाघीस करू शकत नाही. बँकेतून बँकेत पाठवा, पावती घ्या, हप्ते पाडून घ्या.

विमा

हा भाग कंटाळवाणा आहे पण वाचा. आपल्याकडच्या नेहमीच्या ट्रॅव्हल पॉलिसीत गिर्यारोहण वगळलेलं असतं, किंवा अमुक मीटरच्या वर कव्हर नाही, किंवा दोर आणि क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे धातूचे काटे) वापरलं की कव्हर नाही, अशी एक ओळ कुठेतरी आत असते. ती ओळ शोधा. तुम्हाला लागतं ते असं: ८००० च्या वरच्या उंचीपर्यंत, फिक्स रोपवर चढाई धरून, हेलिकॉप्टर रेस्क्यू, हॉस्पिटल, आणि वाईटात वाईट झालं तर मृतदेह घरी आणण्याचा खर्च. असली पॉलिसी बहुतेक परदेशी कंपनीकडूनच मिळते आणि महाग असते. हेलिकॉप्टर कोणाच्या परवानगीने बोलवायचं, आधी फोन करावा लागतो का, हे विचारा. २०१८ मध्ये नेपाळात हेलिकॉप्टर रेस्क्यूच्या खोट्या बिलांचं मोठं प्रकरण बाहेर आलं होतं, तेव्हापासून विमा कंपन्या बिलं बारकाईने बघतात आणि कागद अपुरे असले की क्लेम लटकतो.

नॉमिनी, मृत्युपत्र, घरच्या लोकांकडे पॉलिसीची प्रत. बोलायला जड जातं, तरी जायच्या महिनाभर आधी बोलून घ्या.

गिअर, म्हणजे विकत काय आणि भाड्याने काय

डाउन सूट (पिसं भरलेला अंगभर सूट), मोठी स्लीपिंग बॅग, आइस ॲक्स, हार्नेस, हे सगळं काठमांडूत भाड्याने मिळतं. सूट भाड्याचा घ्यायला हरकत नाही, चेन नीट चालते का आणि मागची चेन आहे का ते बघून घ्या, मागची चेन कशासाठी हे पहिल्याच सकाळी कॅम्प २ ला कळेल.

बूट मात्र स्वतःचे. आठ हजार मीटरचे डबल बूट, स्कार्पा, ला स्पोर्टिवा, मिले, असले लाखाच्या घरात जातात आणि लोक इथेच पैसे वाचवायला बघतात. भाड्याचे बूट दुसऱ्याच्या पायाला बसलेले असतात, अंगठा पुढे टेकला की रक्तपुरवठा दबतो, आणि मग फ्रॉस्टबाइट. जाड मोजे घालून बूट चढवा, उतारावर उभं राहिल्यासारखं पुढे झुका, बोटं टेकली नाही पाहिजेत. क्रॅम्पॉन त्याच बुटावर लावून बघितलेले हवेत, तिथे जाऊन नाही.

हातासाठी पातळ ग्लोव्ह, मधला ग्लोव्ह आणि वर डाउन मिटन, आणि मिटनची जादा जोडी. एक मिटन वाऱ्याने उडून गेला की तो हात गेला, म्हणून मनगटाला दोरी बांधा, शाळेत लहान मुलांना बांधतात तशी. गॉगल कॅटेगरी ४, आणि स्की गॉगल ऑक्सिजन मास्क लावून घालून बघा, बऱ्याच जणांच्या गॉगलवर मास्कची वाफ येते आणि पुढचं दिसेनासं होतं.

बायकांसाठी वेगळं सांगायचं तर लघवीचं फनेल घ्या आणि घरी बाथरूममध्ये सवय करा, तंबूत पहिल्यांदा प्रयोग करायचा नाही. पाळीची तारीख समिटच्या दिवसांत येत असेल तर डॉक्टरशी दोन-तीन महिने आधी बोला. मनास्लूवर १९७४ मध्ये जपानी महिलांच्या टीमने समिट केलं, अष्टहजारीवर बायकांनी पोचण्याची ती पहिली वेळ, तेव्हाच्या गिअरमध्ये. त्यामानाने आपल्याला बरंच सोपं आहे.

सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर भारतातून नेऊ नका. आपल्याकडे परवानगीशिवाय तो बाळगणं बेकायदा आहे आणि विमानतळावर पकडतात, डिसेंबर २०२४ ला गोव्यात एका कॅनेडियन महिलेला असंच थांबवलं होतं. काठमांडूत कंपनीकडून भाड्याने घ्या. पॉवर बँक आणि बॅटऱ्या हँडबॅगेत.

खाऊ. बेस कॅम्पचं जेवण चांगलं असतं, दालभात रोज. पण कॅम्प २ च्या वर जीभच बंद होते. मेतकूट, लोणचं, भडंग, राजगिऱ्याचे लाडू हे चालतं. चिक्की नको, थंडीत दगड होते आणि दात तुटायची वेळ येते. एनर्जी बार पण तसेच, ते सूटच्या आतल्या खिशात ठेवावे लागतात.

तयारी, सहा महिने

पाठीवर १२ ते १५ किलो घेऊन सिंहगड, एकदा नाही, एकाच सकाळी दोनदा. मुंबईकरांना बिल्डिंगचे जिने, लोक हसतात, हसू देत. आठवड्यातून एक लांब दिवस, सहा-सात तास सलग हळू चालणं, ज्यात दम लागत नाही पण पाय थकतात. डोंगरावर लागतं ते हेच. जिममध्ये छाती फुगवण्याचा उपयोग नाही.

आणि रोपवर्क. कुठल्याही कातळावर फिक्स रोप लावा, दोन्ही हातात जाड मिटन घाला आणि जुमार लावा-काढा, अँकरपाशी (दोर जिथे बर्फात किंवा खडकात पक्का बांधलेला असतो तिथे) आलं की आधी सेफ्टीचा कॅराबिनर पुढच्या दोरात, मग जुमार मागच्या दोरातून काढून पुढे. दोन्ही एका वेळी कधीच निघाले नाही पाहिजेत. उतरताना फिगर एट (आठच्या आकाराची, दोरावरून उतरायची कडी) भरणं पण तसंच. हे डोळे मिटून, मिटन घालून, दमलेलं असताना जमेपर्यंत करत राहा. वर एका अँकरपाशी तुम्ही पाच मिनिटं चाचपडलात की तुमच्यामागे वीस माणसं गारठत उभी असतात.

काठमांडू ते बेस कॅम्प

ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांत काठमांडू. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण मोहिमेच्या कागदांसाठी पासपोर्टच वापरा. परमिटवर नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे का बघा, सर्टिफिकेट त्यावरूनच निघतं. गिअर चेक शेर्पा स्वतः करतो, तेव्हा तो "दाइ, यो चल्दैन" म्हणाला तर वाद घालू नका, बदला.

पुढे दोन रस्ते. एक बुढी गंडकीच्या खोऱ्यातून, माछाखोला, जगत, नामरुंग, लो करत समागाव. दुसरा बेसीसहर, धारापानी, भिमथांग आणि ५१०६ मीटरची लार्के ला खिंड ओलांडून मागच्या बाजूने समागावात. पावसात खालचा रस्ता दरडींमुळे बंद पडतो म्हणून आणि उंचीची सवय होते म्हणूनही बऱ्याच कंपन्या दुसरा घेतात. हेलिकॉप्टरने थेट समागावला जाणारे पण असतात, पण थेट साडेतीन हजारावर उतरून काही मिळत नाही, डोकं दुखतं. चालत जा.

समागावात दोन-तीन दिवस काढा, बीरेंद्र ताल बघा, बेस कॅम्पच्या वाटेवर वर-खाली करा. बेस कॅम्प ४८०० च्या आसपास, बर्फाऐवजी पाऊस आणि चिखल, कपडे वाळत नाहीत. तिथे पूजा होते, लामा येतात, ती झाल्याशिवाय शेर्पा वर जात नाहीत. ती फोटोपुरती समजू नका. १९५३ ला जपानी टीम ह्या डोंगरावर आली, त्यानंतर समागावच्या मठावर हिमस्खलन आलं, गावकऱ्यांना वाटलं देव कोपला, आणि १९५४ ला त्यांनी जपान्यांना गावातूनच परत पाठवलं. शेवटी ९ मे १९५६ ला तोशियो इमानिशी आणि ग्यालझेन नोर्बू वर पोचले. गावाच्या मनात तो डोंगर तसाच आहे अजून.

रोटेशन

रोटेशन म्हणजे उंचीची सवय व्हायला वर जाऊन खाली येणं. बेस कॅम्पवरून कॅम्प १ (५७०० च्या आसपास), परत. मग कॅम्प १ ला झोपून कॅम्प २ (साधारण ६४००), तिथे रात्र, जमलं तर कॅम्प ३ (६८००) ला हात लावून खाली. कॅम्प १ ते २ मधला टप्पा डोक्यावर लटकत्या बर्फाचा आणि भेगांचा, शिड्या असतात, तिथून पहाटे लवकर निघा आणि फोटोसाठी थांबू नका.

उंचीचा त्रास म्हणजे नेमकं काय ते पाठ असू द्या. डोकेदुखी, मळमळ, झोप न येणं इथपर्यंत थांबून बघता येतं. चालताना तोल जाणं, असंबद्ध बोलणं हे मेंदूला सूज असल्याचं लक्षण. बसल्या जागी धाप आणि ओला खोकला म्हणजे फुप्फुसात पाणी. ह्या दोन्हीवर एकच उपाय, खाली, लगेच, रात्र असली तरी. डायमॉक्स, डेक्सामेथासोन, निफेडिपिन ही औषधं किटमध्ये ठेवा पण पुण्या-मुंबईतल्या उंचीचं ज्ञान असलेल्या डॉक्टरकडून डोस लिहून आणा, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर त्यांना आधी सांगा. लपवू नका काहीही. त्रास लपवणारे मेंबर शेर्पांना लगेच ओळखू येतात, पण कधीकधी उशीर झालेला असतो.

कोरड्या हवेने खोकला सगळ्यांनाच लागतो. तोंडावर बफ ठेवा, गरम पाणी पीत राहा. खोकून बरगडी मोडलेले लोक असतात, खरंच.

ऑक्सिजनचं गणित स्वतः करा

४ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला की साधारण १२०० लिटर ऑक्सिजन. कॅम्प ३ ते ४ सहा तास, मिनिटाला २ लिटरने ७२० लिटर. कॅम्प ४ ला आठ तास पडून, अर्धा लिटरने २४०. समिट आणि परत बारा तास, २ लिटरने १४४०. बेरीज २४००, म्हणजे बरोबर दोन सिलिंडर आणि शिल्लक शून्य. वाटेत तासभर रांगेत उभं राहिलात किंवा दमून दर ३ लिटर केलात की हिशोब तुटीत गेला. म्हणून "दोन सिलिंडर इन्क्लुडेड" असं लिहिलेलं असेल तर तिसरा आधीच घ्या. प्रेशर गेज बेस कॅम्पला स्वतः बघा, मास्क लावून तिथेच अर्धा तास चाला.

समिट पुश

हवामानाची खिडकी साधारण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उघडते आणि अर्थातच सगळ्यांना त्याच दिवशी जायचं असतं. एक दिवस मागे राहायची तयारी असेल तर गर्दी कमी मिळते, पण खिडकी दोन दिवसांचीच असेल तर तो जुगार आहे, शेर्पाला विचारा.

कॅम्प ३ ते ४ हा सगळ्यात दमवणारा दिवस, लांब, तिरका, मधे निळा बर्फ. कॅम्प ४ साधारण ७४०० ला. तिथे पोचल्यावर पाणी वितळवा, प्या, बूट आतले काढून स्लीपिंग बॅगेत घ्या. मध्यरात्रीच्या आसपास निघायचं. निघायच्या आधी परतायची वेळ ठरवा, म्हणजे सकाळी अमुक वाजता जिथे असू तिथून खाली. ही वेळ बेस कॅम्पला, डोकं ठिकाणावर असताना ठरवा आणि शेर्पाला सांगा की मी ऐकलं नाही तर मला खेच. कारण तो मेंबरला उलट बोलायला कचरतो, समिट नाही तर बोनस कमी हेही त्याच्या डोक्यात असतं. त्याला उघड सांगा की अर्ध्यातून परतलो तरी बोनस देणार. एवढ्या एका वाक्याने तो खरं बोलायला लागतो.

आता शेवटचा पॉइंट. मनास्लूवर अनेक वर्षं लोक ज्या टोकाला समिट म्हणून फोटो काढत होते ते खरं टोक नव्हतंच, त्याच्या पुढे धारेवर अजून उंच जागा आहे. २०२१ च्या शरदात नेपाळी गिर्यारोहक मिंग्मा जी आणि त्यांच्या टीमने फिक्स रोप लावत खाली उतरून आडवं जाऊन खरं टोक गाठलं, वरून ड्रोनचा फोटो निघाला आणि सगळ्या जगाला ते दिसलं. २०२२ पासून नेपाळमधल्या चढायांची नोंद ठेवणारा हिमालयन डेटाबेस फक्त खऱ्या टोकालाच समिट धरतो. तर कंपनीला आधीच विचारा की रोप खऱ्या टोकापर्यंत लावणार ना. त्या शेवटच्या तुकड्यात जागा अरुंद आहे, एका वेळी थोडेच लोक मावतात, ऑक्सिजनमध्ये तो वेळ धरा. तिथपर्यंत गेला नसाल तर तसंच सांगा. २०१६ ला पुण्यातल्या एका जोडप्याने एव्हरेस्टचे जोडलेले फोटो दाखवले, नेपाळने दहा वर्षं बंदी घातली, नोकऱ्या गेल्या. हे जग लहान आहे, शेर्पांना सगळं माहीत असतं.

उतरताना अपघात जास्त. दर अँकरला क्लिप तपासा, जमलं तर त्याच दिवशी कॅम्प २ किंवा ३ पर्यंत या. बोटं पांढरी, बधिर झाली असतील तर वर चोळत बसू नका आणि अर्धवट गरम करून पुन्हा गोठू देऊ नका, खाली आल्यावर कोमट पाण्यात एकदाच, नीट.

काठमांडूला परत

बोनस आणि टिप्स शक्यतो माणसाच्या हातात द्या, सगळ्या स्टाफसमोर. सर्टिफिकेटसाठी समिटचे फोटो, ज्यात चेहरा आणि आजूबाजूचं दोन्ही दिसतं असे, कंपनीला द्या, पर्यटन विभागाचं काम आठवडाभर चालतं, तोवर थांबायचं नसेल तर नंतर मागवता येतं. विम्याचा क्लेम असेल तर हॉस्पिटलची मूळ बिलं, हेलिकॉप्टरची पावती आणि डॉक्टरची चिठ्ठी काठमांडूतच गोळा करा, पुण्यात बसून ईमेलवर हे कागद मागवायला महिने जातात. भाड्याचा सूट परत देताना फाटलेलं-जळलेलं दोघांनी मिळून बघा आणि डिपॉझिट तिथेच मोजून घ्या. बूट पुन्हा वापरायचे नसतील तर लगेच विकू शकता, पुढच्या वसंतात एव्हरेस्टला निघालेलं कोणीतरी ग्रुपवर शोधतच असतं, फक्त ते पायाला नीट बसतायत का हे त्याला स्वतःला घालून बघायला लावा.